मास्तरांना शिकवलं कुणी?

आपल्यातले बरेच जण पुढे बीएड करणार. मीसुद्धा. शिक्षक घडवणं हे सरकारचं काम, असं आपण धरून चालतो. खरं तर त्याच्या इतिहासात आधी धर्म भेटतो.

1685 साली फ्रान्समधल्या रीम्स शहरात जाँ बातिस्त द ला साल या कॅथलिक धर्मगुरूने खेड्यातल्या मास्तरांसाठी प्रशिक्षणाची शाळा काढली. मुलांनी वाचन लॅटिनऐवजी आधी आपल्या भाषेतून, म्हणजे फ्रेंचमधून शिकावं, हा त्याचा आग्रह. पण त्या मास्तराने धर्मशिक्षण द्यायचं आणि चर्चमध्ये गायचंही!

आपल्या मराठी मुलखातही मिशनचा हेतू लपलेला नव्हता. वाचता आलं की लोक बायबल वाचतील. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई 1827 मध्ये मुंबईला आली, पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवू लागली. अडचण एकच: मुलींना शिकवायला बायका आणायच्या कुठून? त्या तयारच कराव्या लागल्या. सावित्रीबाई फुले यांनी शिकवण्याचे धडे घेतले ते नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये. नॉर्मल स्कूल म्हणजे शिक्षक तयार करणारी शाळा.

ही गोष्ट आम्ही ख्रिस्ती मुलं मोठ्या अभिमानाने सांगतो, पण अर्धीच. सावित्रीबाईंनी शिकवायची कला घेतली, बाप्तिस्मा घेतला नाही. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगमध्ये त्यांनी शिकवलंही. आणि 1873 मध्ये काढला तो सत्यशोधक समाज. मिशनच्या हिशेबाने हे अपयश म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. बाप्तिस्म्याची अट घातली असती, तर या दोघांना तिथे जागाच नसती.

1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी मुद्दाच बदलला. प्राथमिक शाळांतले मास्तर जवळजवळ सगळे ब्राह्मण, बरेचसे प्रशिक्षण न घेतलेले, पगार जेमतेम दहा रुपये. त्यांचं मागणं होतं, शक्यतो शेतकरी घरांतली माणसं प्रशिक्षित करा, ज्यांना नांगर धरायची लाज वाटत नाही, आणि पगार किमान बारा रुपये द्या. म्हणजे मास्तर कोणत्या धर्माचा, यापेक्षा तो कुठल्या घरातून आला, हे त्यांना महत्त्वाचं वाटलं.

बैहरकडे गोंडी बोलणारं पोर पहिलीत येतं, लांजीकडे पोवारी बोलणारं. त्यांच्यासमोर उभं राहायला आपल्यातलं कोण तयार होतंय?