अखंड फळी की जोडफळी?

आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ओटा कडप्प्याचा आहे. परंतु कणीक मळण्याचे व भाजी चिरण्याचे टेबल लाकडी. ते नव्याने करावयाचे ठरले तेव्हा आम्हा शिक्षकांत दोन मते पडली. काहींना सागाची दोन फूट रुंद अखंड फळी हवी होती, तर काहींना अरुंद पट्ट्या चिकटवून केलेली जोडफळी. कर्जत-खालापूर परिसरात घर बांधणाऱ्या पालकांपुढे व माजी विद्यार्थ्यांपुढेही हा प्रश्न येतो. म्हणून आमचा अभ्यास येथे मांडत आहोत.

झाड तोडल्यानंतरही लाकूड हवेतील ओलावा शोषते व सोडते. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही. रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वाढीच्या वलयांना समांतर होणारा बदल गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या बदलाच्या सुमारे दुप्पट असतो. या विषमतेमुळे रुंद फळी वाकते.

आमची जुनी फळी अखंडच होती. ती चौकटीला चहूबाजूंनी स्क्रूने घट्ट आवळलेली होती. हालचालीस वाव न मिळाल्याने ती मधोमध चिरली आणि चिरेत कणीक अडकून आंबू लागली. मुलांच्या अन्नाशी संबंध असल्याने ही बाब क्षुल्लक नव्हती. दोष मात्र लाकडाचा नव्हता, बांधणीचा होता.

लाकूड किती टिकते, याची साक्ष बोरघाटापलीकडे कार्ल्याच्या चैत्यगृहात मिळते. तेथील छताच्या लाकडी कमानी खडकाच्या आडोशाला सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहेत. आपल्या कर्जत तालुक्यातील कोंडाणे लेण्याच्या उघड्या दर्शनी भागावर मात्र लाकडी बांधणीचे रूप दगडात कोरलेले दिसते. यावरून आम्ही एवढाच बोध घेतला, की पाण्याच्या जागी दगड आणि कोरड्या जागी लाकूड.

अखेर आम्ही सागाची जोडफळी निवडली. अरुंद पट्ट्या चांगल्या वाळवता येतात, गाठी व चिरा असलेला भाग काढून टाकता येतो आणि एका पट्टीचा बाक दुसरी सावरते. तथापि जोडफळीदेखील रुंदीत फुगतेच. चिकटवल्याने तो धर्म जात नाही. म्हणून सुताराकडून चौकटीतील स्क्रूची भोके लांबट करून घेतली. डिंक पाण्यात टिकणारा वापरला. प्लायवुडचे थर एकमेकांना आडवे असल्याने ते फारसे फुगत नाही. परंतु कडेने पाणी शिरल्यास थर सुटू शकतात आणि वरचा पातळ पापुद्रा झिजल्यावर रंधा मारता येत नाही. जोडफळीवर तो पुनःपुन्हा मारता येतो.

अखंड फळी निषिद्ध नव्हे. ती पूर्ण वाळलेली असावी, मोरीपासून दूर असावी आणि तिला हलण्यास जागा असावी. खरेदीपूर्वी फळीचे टोक पाहावे. तेथे वलये दिसतात, चिराही दिसतात. वरची चकाकी पाहून दाम मोजू नये.