आधी मशीनची व्हायवा, मग इन्स्टॉलेशन!

सबमिशन जवळ आलं की हॉस्टेलवर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "काल तर चालत होतं यार!" मशीन मध्येच हँग होतं. कंपाइलर एकदा एक एरर देतो, तोच प्रोग्राम परत कंपाइल केला की दुसरीच. लगेच कोणीतरी डॉक्टर सल्ला देतो, "व्हायरस आहे, फॉरमॅट मार!" नवी ऑपरेटिंग सिस्टिम पडते आणि आठवड्याने ये रे माझ्या मागल्या! कारण दोष बऱ्याचदा रॅममध्ये, धुळीने चोंदलेल्या हीटसिंकमध्ये नाहीतर थकलेल्या हार्ड डिस्कमध्ये असतो.

मग इन्स्टॉलरनेच सुरुवातीला विचारलं तर? "हार्डवेअर तपासू का?" हो किंवा नाही.

ही वेळच का? एक तर पार्टिशनला अजून हात लागलेला नसतो. चाचणीत मशीन बंद पडलं तरी अर्धवट इन्स्टॉलेशन मागे राहत नाही. दुसरं, इन्स्टॉलर प्रत्येक फाइल रॅममधूनच डिस्कवर नेतो. तिथे एक बिट उलटला तर चुकीची फाइल कायमची बसते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या गूगलच्या सर्व्हरवरील अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त रॅम मॉड्यूल्समध्ये चुका आढळल्या. त्या सर्व्हरमध्ये चुका पकडणारी ईसीसी रॅम होती. आपल्या साध्या पीसीत ती सहसा नसते, म्हणजे चूक होते पण कळत नाही. तिसरं कारण खास आपलं. नाहूरहून स्लो लोकलने दादर, तिथून ग्रँट रोड आणि मग लॅमिंग्टन रोड, असा प्रवास करून आणलेल्या सेकंडहँड मालाला जेमतेम काही दिवसांची टेस्टिंग वॉरंटी असते. दोष पहिल्याच दिवशी कळलेला बरा.

कल्पना अगदी नवी नाही. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम १९९४ पासून आहे, आणि उबुंटूच्या सीडीवर बूट मेनूतच अशी रॅम-चाचणी मिळायची. २००५ च्या डेबियन 'सार्ज'पासून आलेल्या इन्स्टॉलरच्या मेनूत सीडी तपासण्याचा ऐच्छिक पर्याय आहे. हा इन्स्टॉलर 'यूडेब' नावाच्या छोट्या पॅकेजेसचा बनलेला असतो. म्हणजे आपणही एक यूडेब लिहून, पार्टिशनच्या आधी मेनूत एक ओळ वाढवू शकतो. सी-डॅकचं बॉस लिनक्सही डेबियनवरच आधारलेलं आहे. फायनल इयरवाल्यांनो, प्रोजेक्टचा विषय मिळाला की नाही?

आता चाचण्या पाहू.

१) रॅम : ही बूट मेनूतूनच घ्यावी. इन्स्टॉलर चालू असताना कर्नल स्वतः रॅमचा काही भाग अडवून बसतो, तो भाग तपासता येत नाही.

२) प्रोसेसर : सगळ्या कोअरवर २०-३० मिनिटं गणितं करून उत्तरं पडताळायची, आणि तापमान दाखवत राहायचं. ऑक्टोबर हीटमध्ये याची गंमत दिसेल! ठरलेल्या मर्यादेवर चाचणी आपोआप थांबलीच पाहिजे.

३) डिस्क : स्मार्टची छोटी चाचणी साधारण २ मिनिटांत होते. पुढे फक्त वाचून तपासायचं. लिहून तपासणारी चाचणी इथे नकोच, त्याच डिस्कवर रूममेटचं विंडोज आणि रिपोर्ट असू शकतो!

हे सगळं ऐच्छिकच हवं, आणि न विचारता धरलेलं उत्तर 'नाही' असावं. लॅबमध्ये ३० मशीन्स लावणाऱ्या सरांना प्रत्येकी तासभर थांबवलं तर ते इन्स्टॉलरच बदलतील. किती वेळ लागेल ते आधी सांगावं, लॅपटॉप असेल तर चार्जर लावायला सांगावं.

निकालाची भाषाही प्रामाणिक हवी. "मशीन उत्तम आहे" असं नाही, तर "३० मिनिटांत दोष आढळला नाही" असं. आणि दोष सापडला तर नुसता कोड नको, उपाय हवा : रॅमच्या पट्ट्या काढा, संपर्क पुसा, एकेक लावून पुन्हा तपासा.

व्हायवात गडबडलेला विद्यार्थी निदान सुधारू शकतो. सबमिशनच्या आदल्या रात्री गडबडलेली रॅम मात्र आपल्यालाच नापास करते!