सूतिकागार बंद झाल्यावर : गर्भिणीपरिचर्येतील आपले कर्तव्य

आमच्या गावातील एकमेव खाजगी प्रसूतिगृह दोन वर्षांपूर्वी बंद झाले. ते चालविणारे डॉक्टर दांपत्य वृद्ध झाले होते; रात्रपाळीस परिचारिका मिळत नव्हती आणि भूलतज्ज्ञांस प्रत्येक वेळी जिल्ह्याच्या ठिकाणाहून बोलवावे लागे. पाटी उतरली त्याच आठवड्यात दोन-तीन कुटुंबे आमच्या चिकित्सालयात येऊन बसली. ‘डॉक्टर, आता तुम्हीच बाळंतपण करा,’ असा त्यांचा आग्रह होता.

आम्ही तो मानला नाही. प्रसवोत्तर रक्तस्राव तीव्र असल्यास सुमारे दोन तासांतही मातेचा प्राण जाऊ शकतो. रक्त, शस्त्रक्रिया व भूल यांची सोय नसलेल्या जागी केवळ ओळखीच्या भिडेने प्रसूती स्वीकारणे ही सेवा नव्हे. परंतु नकार दिला म्हणजे आपले कर्तव्य संपले, ही समजूतही तितकीच चुकीची आहे. ती आमची होती, हे येथे मान्य केले पाहिजे.

दुसऱ्या खेपेची एक गर्भिणी तिसऱ्या महिन्यापासून आमच्याकडे येत होती. मासानुमासिक क्षीर-घृतादि उपक्रम, नवव्या महिन्यात तैलपिचू, सर्व यथाशास्त्र चालले होते. प्रसूती कोठे होणार, हे मात्र आम्ही एकदाही विचारले नाही. कुटुंबाने ‘वेळ आली की पाहू’ असे ठरविले होते. श्रावणातील एका रात्री कळा सुरू झाल्या. गाडी मिळण्यात दीड तास गेला. पहिल्या रुग्णालयात त्या रात्री भूलतज्ज्ञ नव्हते, दुसऱ्यात खाट नव्हती, तिसऱ्यात शस्त्रक्रिया झाली. माता व बालक वाचले. तेथील डॉक्टरांनी दूरध्वनीवरून रक्तगट विचारला, तेव्हा आमच्या केसपेपरवर तो नव्हता.

त्यानंतर आम्ही चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठवा अध्याय पुन्हा काढला. नववा महिना लागण्यापूर्वीच सूतिकागार सिद्ध करावे, असे आचार्य सांगतात. विद्यार्थिदशेत आपण सारे त्याच्या भूमीचे व द्वाराचे वर्णन परीक्षेपुरते पाठ करतो. वास्तविक पुढची संभारांची यादी अधिक बोलकी आहे : तूप, तेल, सैंधव, उखळ-मुसळ, तीक्ष्ण शस्त्रे, बिल्वकाष्ठाचे मंचक आणि अनेकदा प्रसूत झालेल्या, स्नेहशील स्त्रिया. ऐनवेळी काहीही शोधावे लागू नये, हा त्यामागील हेतू. वास्तू आपल्या हाती नसली तरी ही पूर्वसिद्धता आपण निश्चित करवून घेऊ शकतो.

आता सातव्या महिन्यात आम्ही गर्भिणी, तिचा पती व सासू (किंवा आई) यांना एकत्र बसवितो. पहिल्या खेपेस मुलगी माहेरी जाणार असेल तर नियोजन माहेरच्या गावाचे करावे लागते, आणि कागद तिच्याबरोबर गेले पाहिजेत; ही साधी गोष्ट वारंवार राहून जाते. कोणते रुग्णालय, ते भरलेले असल्यास दुसरे कोणते, तेथे रात्री शस्त्रक्रिया होते काय, रक्तपेढी किती दूर, पावसात कोणता रस्ता बंद पडतो, थोरल्या मुलाजवळ कोण थांबणार, हे केसपेपरच्या मागील बाजूस लिहितो. १०८ व १०२ हे क्रमांक घरातील प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीत आमच्यासमोरच नोंदवून घेतो. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात शासकीय रुग्णालयात प्रसूती, औषधे व रक्त निःशुल्क असून घरून नेण्याची, पुढे पाठविण्याची व परत आणण्याचीही तरतूद आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. गावातील आशाताईंना या बैठकीस बोलवावे. त्यांना वैद्यापेक्षा वाटा अधिक माहीत असतात.

रक्तस्राव, गर्भोदक जाणे, तीव्र शिरःशूल, दृष्टी अंधुक होणे, मुखावर शोथ, आक्षेप, ज्वर किंवा गर्भस्पंदन मंदावणे यांपैकी काहीही दिसल्यास आमच्याकडे न येता थेट रुग्णालयात जावे, असे निक्षून सांगतो. रक्तदाब १४०/९० किंवा अधिक आढळल्यास, अथवा हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली असल्यास, आपल्या कल्पांवर विसंबून दिवस घालवू नयेत. नवव्या महिन्यातील अनुवासन व पिचूसुद्धा स्त्रीरोगतज्ज्ञांच्या तपासणीनंतरच योजावेत. रक्तस्राव किंवा गर्भोदकस्राव असताना ते सर्वथा वर्ज्य समजावेत.

प्रसूतीनंतर कुटुंब लवकरच घरी परतते, आणि रुग्णालय दूर असल्याने पुन्हा तपासणीस जाण्याचा कंटाळा करते. येथे वैद्यास मोठे क्षेत्र आहे. पहिल्या आठवड्यात आम्ही दोनदा घरी जातो. अग्निबल पाहून यवागू, अभ्यंग, उदरास पट्टबंधन हे उपक्रम स्वाभाविक प्रसूतीत योजतो. शस्त्रक्रिया झालेल्या सूतिकेस व्रण भरेपर्यंत उदराभ्यंग व पट्टबंधन करीत नाही. स्राव, ज्वर, स्तन्यप्रवृत्ती पाहून झाल्यावर सूतिकेला एकटीला विचारतो की झोप लागते काय, रडू येते काय. सासूबाईंना त्या वेळी चहा करावयास सांगितले, की उत्तर मिळते.