व्यक्तिचित्रासाठी भिंगाची पारख

घरातील वडीलधारे माणूस गेले की भिंतीवर लावण्यासाठी त्याच्या छायाचित्राचा शोध सुरू होतो. बहुधा हाती लागते ते एखाद्या लग्नसमारंभातील समूहचित्र. त्यातील चेहरा कापून मोठा केला जातो आणि हार घातलेल्या त्या तसबिरीतील पुसट, किंचित पसरट चेहरा हाच त्या माणसाचा चेहरा म्हणून नातवंडांच्या स्मरणात राहतो. व्यक्तिचित्र ही केवळ हौसेची बाब नव्हे, हे अशा वेळी जाणवते. ज्या भिंगातून ते टिपावयाचे त्या भिंगाची निवडही म्हणूनच विचारपूर्वक व्हावयास हवी.

व्यक्तिचित्रासाठी सामान्यतः ८५ ते २०० मिमी नाभीय अंतराचे, मोठ्या छिद्राचे आणि झूम नसलेले भिंग उपयोगात आणतात. मोठ्या छिद्रातून अधिक प्रकाश आत येतो व शटर कमी वेळ उघडे ठेवले तरी चालते. म्हणून अशा भिंगाला ‘वेगवान’ भिंग म्हणतात. त्याची किंमत पुष्कळदा कॅमेऱ्याहूनही अधिक असते. लहान स्टुडिओ चालवणाऱ्याच्या दृष्टीने ती कित्येक महिन्यांची बचत असते. तेव्हा जाहिरातीवर किंवा विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून न राहता भिंगाची पारख स्वतः कशी करावी, हे या प्रकरणात पाहू. मोजमापाची राष्ट्रीय मानके जतन करणारी राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा दिल्लीतच आहे. परंतु आपल्या कामासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. एक भक्कम तिपाई, वर्तमानपत्राची चार पाने, फूटपट्टी, लहानसा आरसा, दिवाळीच्या दिव्यांची माळ आणि थोडा वेळ शांत बसू शकेल असे एक माणूस, एवढे साहित्य पुरेसे आहे.

थोडा पूर्वेतिहास

१८३९ मध्ये छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला, तेव्हा माणसाचे चित्र घेणे जवळजवळ अशक्य होते. भिंगे इतकी मंद होती की बसणाऱ्याला उन्हात कित्येक मिनिटे निश्चल राहावे लागे. १८४० मध्ये व्हिएन्ना येथील गणिती योझेफ पेट्झव्हाल यांनी गणिताच्या आधारे एक नवे भिंग आखले व फोग्टलेंडर या व्यवसायसंस्थेने ते तयार केले. त्याचे छिद्र सुमारे एफ/३.६ होते; म्हणजे तत्कालीन प्रचलित भिंगांच्या मानाने पंधरा-वीस पट प्रकाश त्यातून येई. मध्यभागी ते अतिशय रेखीव असे आणि कडांकडे प्रतिमा विरघळत जाई. हा वस्तुतः दोष; पण चेहऱ्याच्या चित्रात तोच गुण ठरला.

पुढे १९३५ मध्ये जर्मनीतील लाइट्झ कंपनीने ‘थांबार’ नावाचे ९० मिमी, एफ/२.२ भिंग काढले. त्यात गोलीय विपथन हेतुतः राखलेले होते, जेणेकरून त्वचेवर मृदू आभा यावी. याउलट निक्कॉर १०५ मिमी, एफ/२.५ हे भिंग त्याच्या समतोल रेखीवपणासाठी नावाजले गेले. १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत स्टीव्ह मॅकरी यांनी घेतलेले हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचे जगप्रसिद्ध चित्र याच भिंगाचे. आज ८५ मिमी व १०५ मिमी भिंगे एफ/१.४ इतकी, तर १३५ मिमी भिंगे एफ/१.८ इतकी वेगवान मिळतात. सारांश, अधिक रेखीव भिंग ते अधिक चांगले, असा सरळ हिशेब या क्षेत्रात कधीच नव्हता.

अंतर, छिद्र आणि चेहरा

चाचणीपूर्वी तीन गोष्टी स्पष्ट समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट अशी की, चेहऱ्याची ठेवण भिंग बदलत नाही. ती बदलते कॅमेरा आणि माणूस यांमधील अंतराने. ३६ × २४ मिमी चौकटीचा कॅमेरा उभा धरून त्यात माणसाचा सुमारे ७२ सेमी उंचीचा भाग, म्हणजे डोक्यापासून छातीपर्यंतचा भाग, बसवावयाचा आहे असे समजा. त्यासाठी ५० मिमी भिंग घेतल्यास सुमारे १ मीटरवर, ८५ मिमी घेतल्यास १.८ मीटरवर, १३५ मिमी घेतल्यास २.८ मीटरवर आणि २०० मिमी घेतल्यास ४.२ मीटरवर उभे राहावे लागते. नाकाचे टोक कानापेक्षा कॅमेऱ्याला सुमारे १२ सेमी जवळ असते. त्यामुळे १ मीटरवरून नाक कानाच्या मानाने सुमारे ११ टक्के मोठे दिसते, १.८ मीटरवरून ७ टक्के, २.८ मीटरवरून ४ टक्के आणि ४.२ मीटरवरून ३ टक्के. फार जवळून नाक पुढे येते. फार दुरून चेहरा चपटा भासू लागतो आणि बसलेल्या माणसाशी सहज आवाजात बोलणेही कठीण होते. ८५ ते १३५ मिमी हा पल्ला रूढ झाला, त्याचे कारण हे आहे.

दुसरी गोष्ट क्षेत्रखोलीची. चेहरा चौकटीत तेवढाच ठेवला, तर क्षेत्रखोली नाभीय अंतरावर जवळजवळ अवलंबून राहत नाही. ती एफ-क्रमांकावर अवलंबून असते. वरील उदाहरणात एफ/१.४ वर स्पष्ट दिसणारा पट्टा अवघा ३.५ सेमी जाडीचा असतो, एफ/२ वर ५ सेमी, एफ/२.८ वर ७ सेमी आणि एफ/४ वर १० सेमी. यातील निम्मा भाग डोळ्याच्या पुढे व निम्मा मागे धरला, तर एफ/१.४ वर डोळा स्पष्ट आणि नाकाचे टोक अस्पष्ट, अशी स्थिती येते. माणसाने श्वास घेताना मान किंचित पुढे केली तरी डोळाही या पट्ट्याबाहेर जातो.

तिसरी गोष्ट पार्श्वभूमीची. खूप दूरच्या पार्श्वभूमीवरील ठिपका चित्रात केवढ्या चकतीएवढा पसरेल हे छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासावर ठरते आणि तो व्यास नाभीय अंतराला एफ-क्रमांकाने भागून मिळतो. ८५ मिमी, एफ/१.४ चा व्यास सुमारे ६१ मिमी. १३५ मिमी, एफ/२ चा ६७ मिमी. १०५ मिमी, एफ/२.५ चा ४२ मिमी. म्हणजे एफ-क्रमांकाने ‘मंद’ असलेले १३५ मिमी भिंग दूरची पार्श्वभूमी ८५ मिमीपेक्षा थोडी अधिकच विरघळवते. केवळ एफ-क्रमांक पाहून खरेदी करणारा येथे फसतो.

चाचणीच्या पायऱ्या

तुलना न्याय्य व्हावयाची तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. कॅमेरा, प्रकाश आणि संवेदनशीलता तीच ठेवावी. रंगसंतुलन राखी कागदावर एकदा ठरवून घ्यावे. वेगवेगळ्या नाभीय अंतरांच्या भिंगांची तुलना करताना कॅमेरा जागचा न हलवणे ही नेहमीची चूक आहे. चौकटीत चेहरा तेवढाच राहील अशा बेताने कॅमेरा मागेपुढे न्यावा. प्रत्येक चित्र तीनदा घ्यावे व दर वेळी केंद्रीकरण नव्याने करावे. तिन्हींपैकी सर्वोत्तम चित्र भिंगाचे सामर्थ्य सांगते आणि तिन्हींमधील फरक आपल्या केंद्रीकरणातील त्रुटी सांगतो.

प्रथम सपाट भिंतीवर वर्तमानपत्राची पाने ताणून लावावीत. भिंतीला आरसा टेकवून त्यात भिंगाचे प्रतिबिंब चौकटीच्या मध्यावर दिसेपर्यंत कॅमेरा सरकवावा. म्हणजे तो भिंतीशी काटकोनात आला. मग सर्वांत मोठ्या छिद्रापासून एफ/८ पर्यंत चित्रे घ्यावीत. येथे मधल्या अक्षरांपेक्षा चारही कोपऱ्यांची परस्परांशी तुलना महत्त्वाची आहे. तीन कोपरे स्पष्ट आणि एक पुसट असेल, तर आतील एखादे काच-घटक तिरपे बसले आहे असा संशय घ्यावा. हा दोष त्या जातीच्या भिंगाचा नसून हाती आलेल्या नगाचा असतो.

दुसरी पायरी फूटपट्टीची. ती कॅमेऱ्याशी ४५ अंशांत ठेवून मधल्या रेघेवर केंद्रीकरण करावे. पुढच्या रेघांना जांभळी व मागच्या रेघांना हिरवी कड दिसली, तर तो वर्ण विपथनाचा दोष होय. पांढरे केस, चांदीची कर्णफुले, साडीचे जरीकाठ यांवर तो हमखास उठून दिसतो. छिद्र लहान करत गेल्यावर सर्वांत स्पष्ट रेघ मागे सरकत असेल, तर ते गोलीय विपथनाचे लक्षण. अशा भिंगात ज्या छिद्रावर चित्र घ्यावयाचे त्याच छिद्रावर केंद्रीकरण करावे.

तिसरी पायरी रात्रीची. दिव्यांची माळ दूर टांगून जवळच्या वस्तूवर केंद्रीकरण करावे. प्रत्येक दिवा चकतीसारखा दिसेल. चकतीची कड मधल्या भागापेक्षा उजळ असेल, तर त्या भिंगात पानाफांद्यांची पार्श्वभूमी अस्वस्थ दिसेल. कडांकडील चकत्या लंबगोल होणे मोठ्या छिद्राच्या भिंगात नेहमीचेच आहे. आत वलये दिसणे हे मात्र अगोल पृष्ठभागाच्या घडणीतील उणिवेचे चिन्ह असू शकते.

जुने भिंग घ्यावयाचे असल्यास आणखी एक पायरी आहे. चांदनी चौकातील कूचा चौधरी या कॅमेऱ्यांच्या बाजारात किंवा अन्यत्र, भिंग हाती आले की त्याच्या मागून विजेरीचा प्रकाश पाडून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी होय; पावसाळ्याच्या दमट हवेत बंद पेटीत राहिलेल्या भिंगांना ती धरते.

दिल्लीचा उजेड

भिंतीवरची परीक्षा संपली की माणसाला उजेडात बसवावे. दिल्लीत ऋतुमानाप्रमाणे उजेड फार बदलतो. जूनच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ८५ अंश वर असतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. डिसेंबरच्या अखेरीस तो ३८ अंशांवरच राहतो. हिवाळ्यातील धुरकट हवेचा दोष भिंगाच्या माथी मारू नये. दोन-तीन मीटरच्या अंतरात तिचा चेहऱ्याच्या स्पष्टतेवर विशेष परिणाम होत नाही. दूरची पार्श्वभूमी तेवढी फिकट होते आणि ऊन मलमलीतून गाळल्यासारखे मऊ पडते.

लोदी बागेत झाडांच्या पानांतून कवडसे पडतात. पार्श्वभूमी कितपत शांत राहते हे पाहण्यास ती जागा उत्तम. कनॉट प्लेसच्या खांबांच्या ओवरीत एका बाजूनेच उजेड येतो; सावळ्या त्वचेतील बारीक छटा भिंग कितपत राखते हे तेथे कळते. अखेरीस माणसाच्या पाठीशी उतरता सूर्य घ्यावा. भिंगाच्या आतील परावर्तनाने चित्रावर पांढुरका पडदा येत असेल, तर काळे केस राखाडी दिसू लागतात.

अखेरचा निवाडा

आता प्रत्येक भिंगाचे एक चित्र निवडून सर्व चित्रांच्या ३० सेमी उंचीच्या प्रती छापाव्यात. मागे पेन्सिलीने खूण करावी, प्रती मिसळाव्यात आणि त्या हातभर अंतरावरून पाहाव्यात. पडद्यावर कित्येक पट मोठे करून पाहिलेले फरक या प्रतींत बहुतांशी नाहीसे झालेले आढळतील. उरलेले फरक तेवढे खरे. पैसे मोजावयाचे ते त्यांच्यासाठीच.

एक प्रत्यय मात्र बहुतेकांना येतो. एफ/१.४ वर घेतलेल्या चित्रांपैकी पुष्कळांत एकच डोळा स्पष्ट असतो, तर एफ/२.८ वर दोन्ही डोळे, ओठ आणि कपाळावरच्या रेषा एकत्र येतात. वेगवान भिंगाचे मोठे छिद्र ही अंधारातील सोय आहे, प्रत्येक चित्रावर लादावयाची शैली नव्हे. एफ/२.८ वर सर्व भिंगे सारखीच भासू लागली, तर त्यांतील हलके व स्वस्त भिंग निःशंकपणे घ्यावे.

शेवटी त्या प्रती चित्रातल्या माणसापुढे ठेवाव्यात. भिंगांची नावे सांगू नयेत. मग त्याच्या घरच्यांपुढे ठेवाव्यात. माणूस अनेकदा स्वतःचे मऊ चित्र उचलतो आणि घरचे त्याच्या सुरकुत्यांसह रेखीव असलेले. कारण त्यांना ओळखीचा चेहरा हवा असतो. या दोन निवडींमधील अंतर कोणत्याही तक्त्यात नोंदवता येत नाही, पण छायाचित्रकाराने भिंग आणि छिद्र ठरवताना ते ध्यानात ठेवले पाहिजे. तसबीर कुणासाठी घडवली जात आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच या चाचण्यांचे निष्कर्ष उपयोगी पडतील.