बहुमताचा कौल आणि विषयपत्रिका

ग्रामसभेत बहुमताने ठरले, म्हणजे गावाची इच्छा कळली, असे आपण मानतो. अर्थशास्त्र मात्र येथे सावध करते. समजा, निधी एकाच कामापुरता आहे आणि गावात समसंख्य तीन गट आहेत. पहिल्याचा पसंतीक्रम विहीर, रस्ता, वर्गखोली; दुसऱ्याचा रस्ता, वर्गखोली, विहीर; तिसऱ्याचा वर्गखोली, विहीर, रस्ता. दोन-दोन कामांवर मते घेतल्यास विहीर रस्त्यावर, रस्ता वर्गखोलीवर आणि वर्गखोली पुन्हा विहिरीवर मात करते. हरलेले काम बाद करीत गेल्यास जे अखेरीस मतास येते तेच मंजूर होते. निर्णय वस्तुतः क्रम लावणाऱ्याच्या हाती जातो.

हा पेच फ्रेंच विचारवंत काँदोर्से यांनी १७८५ मध्ये दाखविला. तीन वा अधिक पर्याय असता काही साध्या, न्याय्य अटी एकाच वेळी पाळणारी सामूहिक निवडीची पद्धत संभवत नाही, हे केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये सिद्ध केले.

म्हणून मतदान त्याज्य ठरत नाही. मात्र सर्व कामे प्रथम एकत्र मांडावीत, मोकळी चर्चा व्हावी आणि मतदानाचा क्रम सभेनेच ठरवावा. कौलाइतकीच विषयपत्रिकाही लोकांची असली पाहिजे.