पडताळ्याची बेरीज आणि यंत्राचा वेग

संगणकांच्या जाळ्यातून माहिती जाते ती लहान लहान तुकड्यांत. या तुकड्यास पॅकेट म्हणतात. पॅकेटच्या आरंभी शीर्षभाग असून त्यात पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता आणि अन्य नोंदी असतात. ही मांडणी ठरविणारा लिखित संकेत म्हणजे प्रोटोकॉल होय.

इंटरनेट प्रोटोकॉलची चौथी आवृत्ती १९८१ साली प्रसिद्ध झाली. तीत शीर्षभागातील सोळा-सोळा बिटांच्या संख्यांची एका विशिष्ट रीतीने बेरीज करून तिचा पडताळा त्याच शीर्षभागात लिहावा, असा नियम आहे. शिवाय पॅकेट जाळ्यात अखंड फिरत राहू नये म्हणून प्रत्येक राउटरने त्याच्या ‘आयुष्याच्या’ अंकातून निदान एक वजा करावा, असेही सांगितले आहे. (हे आयुष्य सेकंदांत मोजावयाचे होते. व्यवहारात ते टप्प्यांनीच मोजले गेले, आणि सहाव्या आवृत्तीत नियमाने यंत्राचीच रीत पत्करली.) अंक बदलला की पडताळाही बदलतो. सेकंदाला १० अब्ज बिट वाहणाऱ्या इथरनेट तारेवरून ६४ बाइटांच्या सुमारे १ कोटी ४८ लक्ष चौकटी जाऊ शकतात. म्हणजे एका पॅकेटच्या वाट्यास उणेपुरे ६७ नॅनोसेकंद येतात.

येथे एक सोयीची वाट सापडली. वाण्याच्या वहीत एकच रक्कम बदलली, तर तो सारे पान पुन्हा मिळवीत नाही. एकूण बेरजेत तेवढा फरक करतो. राउटरलाही तसे करता येते. १९९० साली यासाठी एक सूत्र प्रसिद्ध झाले. परंतु या अंकगणितात शून्य दोन प्रकारे लिहिता येते : सर्व बिट ० किंवा सर्व बिट १. क्वचित प्रसंगी ते सूत्र चुकीचे शून्य देई. पडताळ्यासह बेरीज करून तपासणाऱ्यास त्याने बाधा येत नसे. पण पडताळा नव्याने काढून ताडून पाहणारा निर्दोष पॅकेट फेकून देऊ शके. १९९४ साली सूत्र दुरुस्त झाले.

सहाव्या आवृत्तीने शीर्षभागाचा पडताळाच काढून टाकला. राउटरचा भार हलका झाला. मात्र पत्त्याचे रक्षण आता वरच्या थरावर आले, म्हणून यूडीपी या प्रोटोकॉलचा पडताळा, जो पूर्वी ऐच्छिक होता, तो सक्तीचा करण्यात आला. पुढे एका पॅकेटच्या पोटात दुसरे घालून पाठविण्याची बोगद्याची रीत रूढ झाली, आणि तिढा पडला. यूडीपीचा पडताळा सबंध मजकुरावर काढावयाचा, पण लिहावयाचा मात्र आरंभी! पॅकेटचे पहिले काही बाइटच पाहून वेगाने पुढे धाडणाऱ्या चिपला ते साधत नाही. तिला सारे पॅकेट साठवून धरावे लागेल.

मग पडताळा सोडून का देऊ नये? तारेवरील चुका इथरनेटची स्वतःची तपासणी पकडतेच, असा युक्तिवाद करता येईल. तो अपुरा आहे. ती तपासणी प्रत्येक तारेपुरती असते. राउटरच्या स्मृतीत बिट बिघडला, तर पुढील तारेवर बिघडलेल्याच मजकुराची नवी मोहोर उमटते. स्टोन व पार्ट्रिज यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत, तारेवरील तपासणी असूनही, १,१०० पासून ३२,००० पर्यंतच्या पॅकेटांमागे एकात टीसीपीचा पडताळा चुकलेला आढळला. बोगद्यातील आतल्या पॅकेटला स्वतःचा पडताळा असतो खरा. पण बाहेरचा पत्ता बिघडल्यास ते भलत्याच बोगद्यात शिरू शकते.

अखेर २०१३ साली बोगद्यांपुरती मोकळीक मिळाली : पाठविणाऱ्याने पडताळ्याच्या जागी शून्य लिहिले तरी चालेल. घेणाऱ्याने मात्र असे पॅकेट एरवी नाकारावयाचे, आणि ज्या पोर्टावर ही सूट मुद्दाम दिली असेल, तेथेच ते स्वीकारावयाचे.