आकलनाच्या परीक्षेत नशिबाचा वाटा किती?

नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला की आपल्या वसतिगृहाच्या ओसरीवर दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ज्याची निवड झाली त्याच्या घरचे म्हणतात, "पोराचं नशीब जोरावर होतं." ज्याची झाली नाही त्याच्या घरचे म्हणतात, "उतारेच अवघड आले, नशीब!" भाषा विषय शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला दोन्ही वाक्ये सारखीच टोचतात. तरीही त्यांत अजिबात तथ्य नाही असे म्हणवत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा हिशेब एकदा नीट मांडून पाहावा असे वाटले.

आधी परीक्षेचे स्वरूप पाहू. इयत्ता सहावीच्या प्रवेशासाठी होणाऱ्या या परीक्षेत ८० प्रश्न, १०० गुण आणि दोन तासांचा वेळ असतो. त्यांपैकी भाषेचे प्रश्न २० व गुण २५. चार उतारे, प्रत्येक उताऱ्यावर पाच प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. म्हणजे काहीच न वाचता डोळे मिटून खुणा करीत जाण्याची मुभा विद्यार्थ्याला आहेच. तसे केल्यास सरासरी पाच उत्तरे बरोबर येतील. दहा किंवा अधिक बरोबर येण्याचा संभव शंभरात दीडाहूनही कमी. पंधरा किंवा अधिक बरोबर येण्याचा संभव दहा लाखांत चार. आणि वीसच्या वीस? चाराला चाराने वीस वेळा गुणत गेल्यास जी संख्या येते ती एक लाख नऊ हजार कोटींच्या वर जाते, तेवढ्यांत एक. तेव्हा भाषेत पैकीच्या पैकी मिळविणाऱ्या मुलाला 'नशीबवान' म्हणणे हा त्याच्या कष्टांचा अपमानच म्हटला पाहिजे.

मग नशीब कोठे असते? ते उताऱ्याच्या विषयात असते. उदाहरणासाठी मीच रचलेल्या दोन ओळी पाहा :

'धरणाचे दरवाजे उघडणार असल्याची दवंडी सकाळीच नदीकाठच्या गावांत पिटण्यात आली. दुपारपर्यंत गावातले सगळे गोठे रिकामे झाले होते.'

प्रश्न : गोठे रिकामे का झाले? पर्याय : (१) जनावरे रोजच्याप्रमाणे चरायला गेली. (२) जनावरे बाजारात विकली. (३) जनावरे सुरक्षित जागी हलविली. (४) दवंडीच्या आवाजाने जनावरे बिथरून पळाली.

उत्तर तिसरे, हे आपण क्षणात सांगतो. परंतु उताऱ्यात ते कोठेही लिहिलेले नाही. पूर हा शब्द नाही, धोका हा शब्द नाही. दरवाजे उघडले की पाणी वाढते, पाणी वाढले की काठावरची गावे धोक्यात येतात, आणि माणूस घर सोडताना दावणीची जनावरे आधी सोडतो, हे सगळे वाचकाने स्वतःजवळचे घालायचे असते. कृष्णाकाठच्या मुलाला ते घरच्या अनुभवातून ठाऊक असते. त्याच सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याच्या मुलाने बहुधा टँकर पाहिलेला असतो, पूर नाही. त्याला 'दवंडी' हा शब्दही अडला, तर तो सोयीस्करपणे चौथ्या पर्यायाकडे वळतो. कारण उताऱ्यातला शब्द तेथे पुन्हा दिसतो. प्रश्न काढणाऱ्याने तो पर्याय त्यासाठीच ठेवलेला असतो! या एका उताऱ्यापुरते कृष्णाकाठच्या मुलाचे नशीब फळफळले, असे म्हणायला माझी हरकत नाही.

ही गोष्ट अभ्यासकांनीही तपासून पाहिली आहे. १९८८ साली अमेरिकेत डॉना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचावयास दिले. वाचनात एरवी कच्ची, पण त्या खेळाची जाणकार असलेली मुले, वाचनात हुशार पण खेळाविषयी अनभिज्ञ असलेल्या मुलांना मागे टाकून गेली. वर्णन कळण्यास त्या खेळाचे ज्ञानच अधिक उपयोगी पडले.

यातून काही पालक असा निष्कर्ष काढतील की मग सगळा खेळ विषय कोणता येतो याचाच. तसे नाही. परीक्षेत चार उतारे असतात. एखादा घरच्या ओळखीचा निघेल. उरलेल्या तिहींचे काय? जतच्या मुलाच्या घरी पूर येणार नाही, पण पुराची गोष्ट त्याच्या वाचनात येऊ शकते. दीपगृह, मधमाशीपालन, टपाल खाते, वाळवंटातील उंट, हे सारे त्याला पुस्तकातच भेटणार. जे मूल पाच वर्षे हाताला लागेल ते वाचत आले, त्याला अनोळखी विषय फारच थोडे उरतात.

हे 'थोडे थोडे' किती साचते, याचा एक हिशेब रिचर्ड अँडरसन, पॉल विल्सन आणि लिंडा फील्डिंग यांनी, तोही १९८८ मध्येच, प्रसिद्ध केला. पाचवीच्या १५५ मुलांनी शाळेबाहेरचा वेळ कसा घालविला याच्या नोंदी त्यांनी ठेवून घेतल्या. वाचनाच्या उतरंडीवर अगदी मधोमध असलेले मूल दिवसाला पाच मिनिटेही पुस्तक वाचत नव्हते. वर्षाकाठी सुमारे २ लाख ८२ हजार शब्द. शंभरात नव्वदाव्या पायरीवरचे मूल रोज सुमारे २१ मिनिटे वाचत होते. वर्षाला १८ लाखांहून अधिक शब्द. आणि तळाकडून दहाव्या पायरीवरचे मूल? वर्षभरात ८ हजार. वरचे मूल तेवढे दोन दिवसांत वाचून संपवीत होते. अर्थात चांगले वाचता येते म्हणून मूल अधिक वाचते, हेही तितकेच खरे. कार्य आणि कारण येथे एकमेकांत गुंतलेली आहेत. पण २१ मिनिटे हा काही मोठा त्याग नव्हे.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या आरंभी एका शाळेत पाचवीच्या वर्गाचा वाचनालयाचा तास मी दिवाळीनंतर बंद केला आणि त्या जागी सरावपत्रिका सुरू केल्या. मुले प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधून त्यावर बोट ठेवण्यात पटाईत झाली. वरच्या दवंडीसारख्या प्रश्नाला मात्र पटाईतच आधी फसत. पाच-दहा पत्रिका सोडवून वेळेचा अंदाज येतो, उत्तरपत्रिकेवर खूण कशी करावी ते कळते. तेवढ्यासाठी त्या हव्यातच. पन्नासाव्या पत्रिकेने अकरावीहून अधिक काय दिले, ते मला आजवर सांगता आलेले नाही.

परीक्षा ही वाचनाची खरी मोजपट्टी आहे असेही कोणी समजू नये. भीमराव आंबेडकर १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसणारा हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेस पडला. गुरुजींनी त्याला पुस्तके देण्यास आरंभ केला आणि मॅट्रिकच्या सत्काराच्या वेळी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. गुरुजींचे त्या बागेत येणे हा योगायोग खरा. पण त्या वेळी मुलाच्या हातात पुस्तक होते.

गेल्या पालकसभेनंतर एक गृहस्थ जय भीम करून थांबले. मुलगा चौथीत. म्हणाले, "सर, मला सहीपुरतंच येतंय. मी त्याचं वाचन काय घेणार?"

मी म्हटले, "तुम्हाला वाचायचं नाहीच, दादा. रविवारी फोन करता ना? त्याला म्हणायचं, एक पान वाचून दाखव. अडला तर अडू द्या. संपलं की विचारा, 'मग पुढं काय झालं असंल?' एवढंच."

आता दर रविवारी चारच्या सुमारास तो मुलगा वसतिगृहाच्या फोनपाशी पुस्तक घेऊन उभा असतो. मागे रांग खोळंबते, मुले कुरकुरतात. परवा त्याने पान वाचून संपविले आणि पलीकडून काहीतरी विचारले गेले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "थांबा आबा, उलटून बघतो." आणि त्याने पान उलटले.